पेटंट मोजायचं कुणाच्या पत्त्यावर?

छोट्या देशाचं पेटंट मोजताना पत्ता अर्जदाराचा धरायचा की संशोधकाचा, यावर आकडा पार बदलतो. अर्जदार म्हणजे पेटंटच्या हक्काचा मालक, बहुधा एखादी कंपनी.

स्काइप घ्या. 2003 साली आलेल्या या सेवेचं सॉफ्टवेअर मुख्यतः एस्टोनियातल्या टालिनमध्ये लिहिलं गेलं, कंपनीची नोंदणी मात्र लक्झेंबर्गची. अशा कंपनीच्या नावचा अर्ज अर्जदाराच्या पत्त्याने लक्झेंबर्गच्या खात्यात जातो. डोकं टालिनचं असलं तरी. सात लाखांहूनही कमी लोकांच्या देशात ‘दर दशलक्ष लोकांमागे’ असा भागाकार केला की आकडा आणखी फुगतो. नवनिर्मिती कुठे होते हे पाहायचं असेल तर ही मोजणी जवळजवळ निरुपयोगी. मालकी आणि कराची सोय मात्र ती छान दाखवते.

संशोधकाच्या पत्त्याने मोजताना अपूर्णांक वापरा: चार संशोधकांपैकी एक टालिनचा, तर एस्टोनियाला 0.25. एकाच शोधाचे अनेक देशांतले अर्ज एक कुटुंब म्हणून एकदाच धरा आणि वर्ष पहिल्या अर्जाचं घ्या. अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतात, म्हणून शेवटची दोन वर्षं घसरलेली दिसतात. ती घसरण खोटी. इथेही एक खोच आहे. संशोधकाचा पत्ता बहुधा घरचा असतो, आणि लक्झेंबर्गमध्ये दोन लाखांहून जास्त लोक फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून रोज कामाला येतात. त्यांचं श्रेय सीमेपलीकडे जातं.

तरीही आम्ही दुसरी मोजणीच निवडू. मात्र युरोपात निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही, त्यामुळे एस्टोनियाचं सॉफ्टवेअरमधलं बरंचसं काम दोन्ही मोजण्यांतून निसटतं.