पांढरे घ्या, करडे नको: तेल शोषणारे पॅड
★★★☆☆

नवी मुंबईच्या दिवाळे कोळीवाड्यात आमची होडी आहे. इंजिनाखाली साचलेलं डिझेल पाण्याबरोबर खाडीत उपसायला नको, म्हणून तुर्भ्याच्या एका दुकानातून हे पॅड आणले. दुकानदाराने "सगळे सारखेच हो" म्हणत करड्या पॅडचा गठ्ठा हातात दिला. सारखे कुठले? करडा पॅड तेलाबरोबर पाणीही पितो. बादलीत टाकला तर जड होऊन तळाला गेला. पांढरा पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचा. तो पाणी घेत नाही, तेल तेवढं ओढतो आणि भरला तरी तरंगतो. कुरकुर करत का होईना, गठ्ठा बदलून मिळाला.

डिझेलच्या पातळ तवंगावर पांढऱ्याला तोड नाही. घट्ट काळ्या तेलापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-3' या जहाजांची टक्कर होऊन आठशे टनांच्या आसपास तेल सांडलं, वाशी-उरणच्या तिवरांपर्यंत आलं. तसलं तेल पॅडवर नुसतं थापून बसतं, आत मुरत नाही. 2017 साली चेन्नईजवळ एन्नोरला जहाजाच्या धडकेने टँकर फुटला, तेव्हा लोकांनी बादल्यांनीच तेल उपसलं. पण आपल्याकडे वाळू नाही, चिखल आहे. तिवरांत माणसं शिरली की पायांनी तेल खाली दाबतात, थेट चिंबोऱ्यांच्या बिळात. म्हणून मी पॅड बांबूला बांधून होडीतूनच फिरवतो, तेल तिवरांच्या मुळांना लागायच्या आत. ती मुळं श्वास घेतात, त्यांवर थर बसला की झाड गुदमरतं.

त्याच दुकानात एक बाटलीही गळ्यात मारत होते: फवारा, तेल गायब! गायब कसलं, बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतं. 1967 मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ 'टोरी कॅन्यन' टँकर फुटला, तेव्हा किनाऱ्यावर रसायनं ओतली. तिथले शिंपले-कालवं तेलापेक्षा त्या रसायनांनी जास्त मारली. आपली खाडी तर उथळ, निवट्या आणि कोळंबीची. बाटली परत दिली.

दोन स्टार कापले ते याचसाठी, आणि वापरलेल्या पॅडचं काय करायचं विचारलं तर "टाका कचऱ्यात" हे उत्तर मिळालं म्हणून. तेलकट पॅड घातक कचऱ्यात जातो. आमचे सध्या झाकणाच्या डब्यात साठतात आणि ओळखीच्या वर्कशॉपच्या तेलकट चिंध्यांबरोबर रवाना होतात. गठ्ठा घेण्याआधी तुमची तशी सोय आहे का ते बघा.