पार्लरचं ‘लायसन्स’ काढून देतो म्हणाले आणि 21,400 रुपये घेऊन गेले

खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी माझं लेडीज पार्लर आहे. 2019 पासून चालवते. हाताखाली दोन मुली आहेत. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, घरच्यांनी तेवढीच अट घातली आहे. बाकी सगळं जसं घडलं तसं लिहिते, कारण तीच टोळी अजून फिरते आहे आणि परवाच शेजारच्या तालुक्यातल्या एका ताईचा मला फोन आला.

22 एप्रिल 2025, मंगळवार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली होती. आखाजीला सुरत-उधन्याहून लेकी माहेरी येतात, गौराईचे झोके बांधले जातात आणि आमच्या पार्लरमध्ये बसायला जागा नसते. वर्षभराचा निम्मा धंदा या पंधरवड्यात आणि लग्नसराईत होतो. नेमके तेव्हाच दोघे आले. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, बोलणं शुद्ध आणि नम्र. “मॅडम, परवाना तपासणी आहे.”

मी भिंतीवरचा शॉप अ‍ॅक्टचा कागद दाखवला. त्यातला मोठा माणूस दोन मिनिटं तो वाचत राहिला आणि म्हणाला, “ताई, हे लायसन्स कुठे आहे? ही तर नुसती सूचना दिल्याची पावती आहे. वाचा ना तुम्हीच.”

मी वाचलं. खरंच तसंच लिहिलेलं होतं! सहा वर्षं तो कागद मी लायसन्स समजून फ्रेम करून लावला होता. तिथेच माझे पाय लटपटले. लोक आता म्हणतात, “तू शिकलेली बाई, तुला कळलं नाही?” अहो, त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. कागदावर छापलेलंच मला वाचायला लावलं. खोटं त्याच्यापुढे सुरू झालं.

जे मला नंतर कळलं ते तुम्ही आधीच कळून घ्या. आपल्या राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा 2017 चा आहे. माझ्याकडे तो कागद आला तेव्हाच्या आणि या सगळ्या प्रकाराच्या वेळच्या नियमाप्रमाणे दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीच लागत नव्हती. ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती ठेवायची, बस. म्हणजे माझी पावती अपुरी नव्हती, पूर्ण होती. भुवया करायला, वॅक्स करायला, केस कापायला व्यक्तीच्या नावाने राज्याचा वेगळा परवाना महाराष्ट्रात नाही. व्यवसाय कर वेगळा, पालिकेचं काही असेल तर ते पालिकेत जाऊन विचारायचं. दारात आलेल्या माणसाला विचारायचं नाही.

तर त्या मोठ्या माणसाने टॅबवर एक वेबसाइट उघडून दाखवली. इंग्रजीत बोर्ड, कॉस्मेटॉलॉजिस्टला (केस-त्वचेचं काम करणाऱ्याला) इतके तास, नखांचं काम करणाऱ्याला इतके तास, परीक्षा, दंड, सगळं रीतसर. “आता प्रत्येक राज्याला हे लागू झालंय, परवाना नसेल तर 50,000 दंड आणि दुकान सील.” तपासणी फी 1,180 रुपये. हजार रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. तो हिशोब इतका बरोबर होता की मला उलट बरं वाटलं, पावती मिळतेय म्हणून. पावतीवर जीएसटी नंबरही होता. तो 07 ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा नंबर 27 ने सुरू होतो, 07 दिल्लीचा. मी स्वतः जीएसटीत नाही, वर्षाचा धंदा 20 लाखांच्या जवळपासही जात नाही, मला हे कुठून माहीत असणार?

24 एप्रिलला फोन आला. परवाना फी 4,720. भरली. 28 ला परत फोन, “तुमच्याकडे प्रशिक्षणाच्या तासांचं प्रमाणपत्र नाही, ते नियमित करून घ्यावं लागेल”, 6,500. तेही भरले. मी कोर्स केलेला आहे, जळगावला एका बाईंकडे सहा महिने रोज एसटीने जाऊन शिकले आहे, पण त्यांनी दिलेलं सर्टिफिकेट ‘बोर्डाचं नाही’ म्हणे.

आणि मग 29 एप्रिल. आखाजीचा आदला दिवस.

हा दिवस मी रोज आठवते. दुपारचे साडेबारा, बाहेर ऊन भाजून काढत होतं, कूलर नुसती गरम हवा फेकत होता. खुर्चीत एक नवी नवरी होती, एका हाताचं वॅक्स झालेलं, दुसऱ्या हातावर पट्टी चिकटवलेली. बाकावर सहा बायका. तो धाकटा आत आला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, “मॅडम, तुमच्या नावाने सीलची नोटीस निघाली आहे.” बायका माझ्याकडे बघायला लागल्या. 9,000 भरले तर आजच्या आज तडजोड होते, नाहीतर उद्या कुलूप. उद्या म्हणजे आखाजी!

त्याने क्यूआर पुढे धरला. माझ्या उजव्या हाताला वॅक्स लागलेलं होतं. मी डाव्या हाताने फोन धरला आणि करंगळीच्या पेराने पिन दाबला. पिन दाबण्याआधी स्क्रीनवर नाव आलं होतं. कुठल्याही शासनाचं नाही, बोर्डाचं नाही. एका मोबाइल शॉपीचं नाव होतं. मी ते वाचलं. हो, वाचलं! तोंडातून “हे कोणाचं खातं?” इतकं निघालंही. तो म्हणाला, “कलेक्शनचं आहे ताई, सर्व्हर डाउन आहे आज.” आणि तेवढ्यात नवरी म्हणाली, “काकू, पट्टी काढा ना, जळतंय.” मी पिन दाबून टाकला. पाच सेकंद थांबले असते तर. नवरीची पट्टी आधी काढून मग फोन हातात घेतला असता तर. 1,180 एका बाईच्या नावावर गेले होते, 4,720 दुसऱ्याच माणसाच्या, आता मोबाइल शॉपी. तीन वेगळी नावं, आणि मी ती बघितलेली.

सरकारी फी कधीही अशा क्यूआरवर जात नाही. ग्रासचं, म्हणजे राज्य सरकारच्या पैसे भरायच्या पोर्टलचं, चलन निघतं किंवा त्या खात्याच्या पोर्टलवर पैसे भरतात. स्क्रीनवर माणसाचं किंवा दुकानाचं नाव दिसलं की फोन उलटा ठेवा, समोर कोणीही उभा असो.

एकूण झाले 21,400. मी भुवयांचे 40 रुपये घेते. म्हणजे 535 बायकांच्या भुवया. मान वाकवून, दाताने दोरा धरून केलेल्या.

3 मे ला कुरियरने ‘परवाना’ आला. होलोग्राम, सोनेरी शिक्का, माझा फोटो. मी तो आरशाच्या वर लावला. 8 तारखेला माझी भाची पुण्याहून आली. ती तिथे शिकते. तिने खाली उभं राहून वाचला आणि विचारलं, “मामी, याच्यावर तारीख 1 मे आहे. महाराष्ट्र दिनाला कोणतं ऑफिस उघडं असतं?”

मग तिने प्रमाणपत्रावरची वाक्यं शोधली. ती अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या नियमांवरून उचललेली निघाली. तिथे खरंच राज्याचं बोर्ड आहे, कॉस्मेटॉलॉजिस्टला 1,000 तासांचं शिक्षण आणि परीक्षा लागते, 2022 पूर्वी 1,600 तास लागायचे. नखांचं काम करणाऱ्याला 400 तास. तिथला नियम तिथल्या लोकांसाठी आहे. माझ्या कागदावर ‘1000 तास पूर्ण’ असं छापलं होतं, मी एक तासही न बसता.

सासूबाई ओसरीवरून विचारत होत्या, “काय व्हयनं वं माय?” मला सांगता येईना.

आता पुढचं ऐका, कारण चोरांइतकाच संताप मला यांचा येतो. 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. लागला चौथ्या वेळी. त्यांचं म्हणणं, पैसे गेल्या-गेल्या फोन केला असता तर समोरच्या खात्यात रोखता आले असते, आता नऊ दिवस झाले. बरं, ही माझी चूक. पण बँकेत गेले तर साहेब मान वर न करता म्हणाले, “पिन तुम्हीच टाकला ना?” पोलीस ठाण्यात गेले तर “हे ऑनलाइन आहे, सायबरला जा.” सायबरला गेले तर “माणूस समोर आला होता ना, मग तुमच्या ठाण्यातच.” परत ठाण्यात, तर “ताई, 21 हजारांसाठी किती चकरा मारता?” एफआयआर नाही, साधा अर्ज घेतला. पोचही मागून मागून घेतली.

कामगार खात्याच्या कार्यालयात तर कहर. तिथला माणूस हसून म्हणाला, “असा परवानाच नाही हो, बऱ्याच बायका येऊन गेल्या.” बऱ्याच बायका येऊन गेल्या! मग दारावर एक सूचना लावायला काय जातं? मी म्हटलं, असा परवाना नाही एवढं लेखी द्या, मी आमच्या सगळ्या पार्लरवाल्यांना दाखवते. तर म्हणे लेखी देता येत नाही. 10 रुपयांचं तिकीट लावून माहितीच्या अधिकारात विचारलं. तीस दिवसांच्या आत उत्तर आलं, “माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही.”

शेवटी वकिलांनी अर्ज लिहून दिला. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं, 204 सरकारी माणूस असल्याचं सोंग घेण्याचं. ठाण्यात गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने पाठवा, कायद्यात ती सोय आहे. तोंडी काही सांगू नका, तोंडी सांगितलेलं हवेत जातं. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक प्रत्येक अर्जात टाका.

आमच्या चौकातले सलूनवाले दादा वाचले. त्यांच्याकडेही हेच दोघे गेले होते, “विश्वकर्मा योजनेतून 15,000 चं किट मिळवून देतो, फाइलचे 1,500 द्या” म्हणून. दादांनी सांगितलं, सोमवारी दुकान बंद असतं, घरी या, पोरगा कागद बघेल. ते आलेच नाहीत. त्या योजनेची नोंदणी फुकट होते, उद्यमची, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणीही फुकट होते. फाइलचे पैसे मागितले की समजा. आणि ओळखपत्राचा फोटो काढायला लाजू नका. मी लाजले, साहेबांना राग येईल म्हणून.

समोरच्या मेडिकलचा कॅमेरा थेट माझ्या दारावर आहे. 29 एप्रिलचा धाकटा त्यात स्पष्ट दिसत होता, मी स्वतः पाहिला. मेडिकलवाले भाऊ म्हणाले, पोलिसांचं पत्र आणा, लगेच कॉपी देतो. फुटेज 15 दिवस राहतं. 8 मे ला मी अर्जात हे लिहून दिलं, 10 ला आणि 13 ला जाऊन आठवण केली. पोलीस मेडिकलवर आले 21 मे ला.