लॅटिन-ग्रीक शब्दमुळं: आठव्या वर्षी की बाराव्या?

मूल इंग्रजी वाचायला लागलं की पालकांची चुळबुळ सुरू होते: शब्दांची मुळं, म्हणजे इंग्रजी शब्द ज्यांपासून बनतात ते लॅटिन-ग्रीक तुकडे, आत्ताच शिकवावीत की थांबावं? कोर्स विकणारे 'आत्ताच' म्हणणार, ते सोडून द्या.

तयारी: वयाआधी वाचन बघा. अक्षर-अक्षर जुळवत वाचणाऱ्याला हे नुसतं ओझं. पण आठ-नऊ वर्षांचं मूल सलग वाचत असेल, तर 'टेलि' म्हणजे दूर, 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणं, एवढं त्याला झेपतं. टेलिफोन, टेलिस्कोप कानावरचेच असतात. 'मग टेलिव्हिजन?' असं त्यानेच विचारलं, की समजा मूल तयार आहे.

खोली: इथे बारावं वर्ष सरळ सरस. 'पेडल'मधला 'पेड' लॅटिन, अर्थ पाय. 'पीडियाट्रिशियन'मधला (pediatrician) 'ped' ग्रीक, अर्थ मूल. आठ वर्षांचं पोर बालरोगतज्ज्ञाला बिनधास्त पायाचा डॉक्टर करून टाकेल! मोठ्या मुलाला हा घोळ उलगडून सांगता येतो. शिवाय फोटोसिंथेसिस, हायड्रोजन असे शब्द विज्ञानात समोर असल्याने शिकलेलं लगेच वापरात येतं.

मेहनत: लवकर सुरू केलंत तर आठवड्याला एखादं मूळ, तेही गप्पांत. उशिरा केलंत तर वही, तक्ते आलेच, पण वेगही जास्त. पाठांतराच्या याद्या मात्र दोन्हीकडे नकोत.

शब्दांशी खेळणाऱ्या, भरपूर वाचणाऱ्या मुलासाठी आठ-नऊ ठीक. वाचन अडखळत असेल, किंवा विज्ञानातल्या संज्ञा समजाव्यात एवढाच हेतू असेल, तर अकरा-बारापर्यंत खुशाल थांबा.