आवाज एक्स्पोर्ट करताना: वेव्ह की एमपी३?

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामात केलेला आवाज एक्स्पोर्टनंतर, म्हणजे ऐकण्याजोगी फाइल काढल्यावर, बसका वाटला, तर आधी तेच रेकॉर्डिंग वेव्ह (आवाज न दाबता ठेवणारी फाइल) आणि एमपी३ (दाबून लहान केलेली फाइल) या दोन्ही प्रकारांत काढा आणि एकाच हेडफोनवर ऐका. फक्त एमपी३ खराब असेल तर बिटरेट (दर सेकंदाच्या आवाजाला दिलेला डेटा) वाढवा. वेव्हही तितकीच खराब असेल, तर दोष रेकॉर्डिंगमध्येच आहे, मग एक्स्पोर्टच्या सेटिंग्जशी झटापट करून उपयोग नाही.

असं अनेकदा ब्लूटूथ हेडसेटमुळे होतं. त्याचा माइक सुरू झाला की जोडणी कॉलच्या पद्धतीवर जाते आणि सॅम्पल रेट (आवाजाचे दर सेकंदाला घेतलेले नमुने) अनेकदा ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतो. तिथे गमावलेला आवाज कुठल्याच फाइलमध्ये परत येत नाही. साधा वायरचा माइक याहून कितीतरी बरा.

आकारात एमपी३ जिंकते. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो (एकाच चॅनेलची) वेव्ह मिनिटाला सुमारे ५.३ एमबी घेते; १२८ केबीपीएस बिटरेटची एमपी३ एक एमबीहून कमी. पण ही बचत आवाजाचा काही भाग टाकून होते. बिटरेट फार उतरवला की 'स', 'श', 'छ' यांची धार जाते, आणि मराठी वाचनात ते लगेच खटकतं. एमपी३ पुन्हा उघडून, कापून, पुन्हा एमपी३ केली की नुकसान वाढतच जातं.

म्हणून मूळ प्रत वेव्हमध्येच ठेवा, असा माझा आग्रह आहे. एमपी३ फक्त पाठवण्यापुरती, शेवटी एकदाच काढा. एकट्या आवाजाला मोनो पुरतं.