एक्स-विंगची यानं पुन्हा रंगवल्यावर: आठ महिन्यांच्या खेळानंतर काय टिकलं, काय गेलं

स्टार वॉर्स: एक्स-विंग या टेबलावरच्या खेळातली यानं कारखान्यातून रंगवूनच येतात. तरीही ती पुन्हा रंगवावीत का, आणि रंगवली तर रोजच्या हाताळणीत टिकतात का, एवढ्यापुरताच हा अनुभव. एकूण बावीस यानं: बारा टाय फायटर, चार एक्स-विंग, तीन वाय-विंग, दोन ए-विंग आणि एक मोठं वायटी-१३००. फेब्रुवारी ते सप्टेंबर, आठवड्याला किमान एक डाव, जागा ठाण्याची. म्हणजे सगळा पावसाळा यात आला.

निष्कर्ष आधीच सांगतो. ब्रशकाम चांगलं असेल तर यान पहिल्या दिवशी छान दिसतं. आठव्या महिन्यातही तसंच दिसायला हवं असेल, तर प्रायमर (रंगाखालचा पायाचा थर), वार्निश (वरचा संरक्षक थर) आणि पोटाखालचा, यान स्टँडवर बसवायचा जोड या तीन गोष्टींवर जास्त वेळ घालवा. बावीसपैकी जी पाच यानं खराब झाली, त्यातल्या एकाचाही दोष रंगाचा नव्हता.

हा खेळ २०१२ मध्ये आला, दुसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली आणि जून २०२४ मध्ये प्रकाशकांनी त्याचा पुढचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं. खेळ थांबलेला नाही, नियम आता खेळणारी मंडळीच सांभाळतात. पण नवी यानं येणार नाहीत. मोडलेलं यान बदलून घेण्याचे दिवस संपले, म्हणून हातातली यानं जपणं आता जास्त महत्त्वाचं.

प्रमाण डोक्यात ठेवा

ही यानं १/२७० प्रमाणात आहेत. साडेबारा मीटरची एक्स-विंग हातात ४.६ सेंमी भरते. हेच गणित उलटं करून पाहा: आपण ब्रशने दिलेला १ मिमीचा ठिपका म्हणजे खऱ्या यानावर २७ सेंमीचा डाग. रंग उडाल्याचा परिणाम दाखवायला बरेच जण ३ मिमीचे तपकिरी फटकारे मारतात. प्रमाणात पाहिलं तर ते पाऊण मीटरहून मोठं भगदाड होतं. स्पंजाचा हरभऱ्याएवढा तुकडा घ्यावा, गडद करडा-तपकिरी रंग त्याला लावून कागदावर इतका टिपावा की जवळजवळ काहीच उरू नये, आणि मग फक्त पंखाच्या पुढच्या कडेला टेकवावा. सुईच्या टोकाएवढे डाग पडतात, तेवढे पुरतात.

रंगाआधी

प्लास्टिक मऊ पीव्हीसी आहे. एक्स-विंगच्या पंखांवरच्या तोफा खोक्यातच वाकतात. उकळून जरा निवलेल्या पाण्यात वाकलेला भाग वीस-तीस सेकंद बुडवा, बोटांनी सरळ करा आणि तसाच धरून गार पाण्यात घाला. हे रंगाआधीच करायचं, नंतर केलं तर वाकवलेल्या जागी रंगाला बारीक भेगा जातात. मग भांडी घासायचा साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. साच्याचा तेलकट अंश निघायलाच हवा.

कारखान्याचा रंग काढू नका. तो पातळ असतो, घट्ट बसलेला असतो आणि आयता पाया म्हणून उत्तम चालतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो अर्धवट निघतो, खाचांमध्ये राहतो आणि पृष्ठभाग डागाळ होतो. अ‍ॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर तर प्लास्टिकच खातं.

प्रायमरने सगळ्यात जास्त धडे दिले. दोन टाय फायटरवर हार्डवेअरच्या दुकानातला सर्वसाधारण स्प्रे मारला होता. तो दिसायला वाळला, पण तीन आठवड्यांनंतरही बोटाला चिकचिकीत लागत होता. मऊ पीव्हीसीत मऊपणासाठी घातलेले घटक असतात. काही स्प्रेमधल्या द्रावकाची त्यांच्याशी गाठ पडली की रंगाचा थर कधीच पूर्ण कडक होत नाही. यावर वार्निश मारणं हा उपाय नाही, वार्निशही चिकट होतं. पाण्यात विरघळणारा अ‍ॅक्रिलिक-पॉलियुरेथेन प्रायमर पीव्हीसीवर चालतो, पण त्याला घाई सहन होत नाही. तासाभरात स्पर्शाला कोरडा लागतो, पक्का व्हायला मात्र २४ ते ४८ तास घेतो. त्याआधी पॉलिश पेपर लावला किंवा टेप ओढली की सालीसारखा पोपडा निघतो. एका वाय-विंगचा अख्खा पंख असा सोलला गेला.

एअरब्रशने ०.३ मिमीची सुई, १५ ते २० पीएसआय दाब आणि दोन धुक्यासारखे पातळ हात. खालचा मूळ रंग जरासा दिसला तरी थांबायचं. तिसरा हात दिला की पॅनेलच्या रेषा, म्हणजे यानाच्या पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक खाचा, बुजायला लागतात, आणि या आकारात त्या रेषाच यानाला मोठेपण देतात.

रंग

व्हॅलेहोचे ड्रॉपर बाटलीतले मॉडेल कलर मुख्य होते. थेंब मोजून मिसळता येतात, त्यामुळे चौथ्या यानाची करडी छटा पहिल्यासारखीच येते. ताफा रंगवताना ही मोठी सोय आहे. शाळेच्या चित्रकलेच्या अ‍ॅक्रिलिकने पैसे वाचतात हे खरं, पण त्यातला रंगकण जाड असतो, आणि पातळ केला की तो फुटून दिसतो. तळपाया आणि स्टँड यांच्यासाठी ठीक, यानासाठी नको.

एक्स-विंगला शुद्ध पांढरा देऊ नका. त्यावर उजळ छटा द्यायला पुढे जागाच उरत नाही, आणि यान खडूसारखं दिसतं. ऑफ-व्हाइटमध्ये फिकट करडा, तीनास एक. त्यावर मधली काही पॅनेलं थोडी गडद, थोडी पिवळसर. शुद्ध पांढरा शेवटी, फक्त कंगोऱ्यांवर.

ओल्या पॅलेटसाठी, म्हणजे मिसळलेला रंग वाळू न देणाऱ्या डब्यासाठी, वेगळं काही विकत घ्यायची गरज पडली नाही. झाकणाचा पसरट डबा, तळाशी भांडी पुसायचा स्पंजाचा पातळ तुकडा आणि वर बेकिंगचा बटर पेपर. मार्चमध्ये रंग दोन दिवस ओला राहायचा. पावसाळ्यात आठवडाभर राहायचा, पण पाचव्या दिवशी बुरशीचा वास यायचा. स्पंज दर दोन-तीन दिवसांनी उकळत्या पाण्यातून काढला की वास येत नाही.

पॅनेलच्या रेषा: सगळ्यात जास्त फरक इथे पडतो

ज्याला यान पूर्ण रंगवायचं नाही, त्याने कारखान्याच्या रंगावर फक्त एवढंच करावं. टेबलापलीकडून पाहणाऱ्याला यान नव्याने रंगवल्यासारखं वाटतं.

नेहमीची चूक म्हणजे काळा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग, सगळ्या यानावर ओतणं. मॅट (बिनचमकीचा) पृष्ठभाग वॉश धरून ठेवतो, सपाट पंखावर डबकी साचतात, आणि डबक्याच्या कडेने रंग आधी वाळत असल्याने रंगकण तिकडे ओढला जातो. चहाच्या कपाखाली उठतं तसं वर्तुळ उमटतं. दमट हवेत वॉश हळू वाळतो, म्हणून ही वर्तुळं पावसाळ्यात जास्त ठळक.

बरोबर क्रम असा: आधी ग्लॉस वार्निशचा एक हात, रात्रभर वाळू द्या. चकचकीत पृष्ठभागावर द्रव थांबत नाही, खाचेत धावतो. मग तामियाचा पॅनेल लाइन अ‍ॅक्सेंट कलर, ४० मिलीच्या बाटलीत झाकणालाच बारीक ब्रश असतो. ब्रशचं टोक खाचेला एका ठिकाणी टेकवायचं आणि उचलायचं. रंग खाचेतून आपोआप दोन-तीन सेंमी पुढे सरकत जातो. वीस मिनिटांनी इअर बडला इनॅमल थिनर लावून तो कागदावर टिपावा, आणि पंखाच्या पुढून मागे, हवेच्या दिशेने पुसावं. पुसताना मागे राहिलेली फिकट ओघळरेषा मुद्दाम ठेवावी, ती वापराची मळ म्हणून छान दिसते. हा इनॅमल आहे, त्यामुळे खाली वार्निश नसलेल्या प्लास्टिकवर लावू नका. थिनर मुरला तर बारीक भाग ठिसूळ होतात.

काळा रंग फक्त टायसाठी. पांढऱ्या यानाला तपकिरी किंवा करडा घ्या. पांढऱ्यावर काळी रेष व्यंगचित्रासारखी उठते.

इंजिनाची झळाळी

इथे नेहमीचा नियम उलटा. इतरत्र खोलात गडद आणि कडेला उजळ असतं, इंजिनात मधोमध सगळ्यात उजळ. आधी नळीचा आतला भाग पांढरा करा. त्यावर पातळ गुलाबी, मग कडेकडेने लाल, आणि शेवटी मध्यभागी पुन्हा पांढऱ्याचा एकच थेंब. नळीच्या बाहेरच्या ओठावर लाल रंगाचा अगदी पुसट हात. हा हात जास्त झाला की झळाळी जाऊन नुसता लाल रंग लागल्यासारखं दिसतं.

ओळखीच्या खुणा

पहिल्या आवृत्तीत १०० गुणांच्या ताफ्यात बारा गुणांचे आठ टाय बसायचे. आठही सारखेच, आणि कुठलं कुणाचं हे टोकनवर पाहावं लागे. पंखाच्या चौकटीवर १ मिमीचा रंगीत पट्टा दिला की हा प्रश्न मिटतो. एक्स-विंगच्या पंखावरचे पट्टेही अशीच वैमानिकाच्या क्रमांकाची खूण.

पट्ट्यासाठी ६ मिमीची मास्किंग टेप काचेवर लावून नव्या ब्लेडने कापा, तळहातावर दोनदा चिकटवून तिचा चिकटा कमी करा आणि मग यानावर लावा. टेपच्या कडेवर आधी खालचाच रंग किंवा पारदर्शक वार्निश फिरवा. झिरपायचं ते हेच झिरपतं आणि दिसत नाही. नंतरचा लाल रंग धारदार कडेत थांबतो. टेप रंग अर्धओला असतानाच काढा.

बदल करताना यानाची ओळख आणि आकार तोच राहू द्या. समोरच्याला ते कुठलं यान आहे ते क्षणात कळायला हवं.

चुंबक

पोटाखालचा खुंट काढ-घाल करताना दर वेळी बोटं यानाला घट्ट धरतात. रंग सगळ्यात आधी तिथेच गेला. चुंबकाने हे थांबतं. खुंट निपरने कापा, जागा सपाट घासा, हाताच्या ड्रिलने १ मिमी खोल भोक पाडा आणि ३ × २ मिमीचं निओडिमियम चुंबक बसवा. वायटी-१३०० साठी ५ × २. पारदर्शक दांडीवर पोलादी छर्रा. छर्ऱ्यामुळे ध्रुव जुळवायची कटकट नाही, आणि यान हवं तसं तिरकंही ठेवता येतं. सुपरग्लूने लावलेली तीन चुंबकं धक्क्याने निघाली, कारण तो वाळल्यावर ठिसूळ असतो. दोन नळ्यांचा इपॉक्सी घ्या, रात्रभर ठेवा. सुपरग्लूच्या वाफेने रंगावर पांढुरका थरही बसतो, म्हणून हे काम रंगाच्या आधी.

वार्निश आणि पावसाळा

ग्लॉसचे दोन हात, वर मॅटचा एक. ग्लॉस कठीण असतो, घासणं तो सोसतो. मॅट फक्त चमक मारतो. नुसता मॅट दिलेल्या दोन यानांच्या पंखांची टोकं चार महिन्यांत चकाकायला लागली.

मॅटची बाटली पूर्ण दोन मिनिटं हलवा. चमक मारणारी पूड तळाशी बसते, आणि नीट मिसळली नाही तर काळ्या पंखांवर पीठ भुरभुरल्यासारखी दिसते. दमट हवेत स्प्रे मारला तरी तसंच पांढरं धरतं. आर्द्रतामापकावर ७० टक्क्यांच्या वर आकडा असेल तर स्प्रे मारू नका. जून ते सप्टेंबर ठाण्यात ब्रशने लावायचं वार्निशच वापरावं. पांढरं धरलंच तर घाबरू नका, ग्लॉसचा एक पातळ हात बहुतेक वेळा ते घालवतो, मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट.

दुसऱ्या आवृत्तीच्या एक्स-विंगचे पंख उघडमिट होतात. वार्निशनंतर ते ४८ तास उघडेच ठेवा, पावसाळ्यात चार दिवस. घाईने मिटले तर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, आणि उघडताना एका पंखाचा रंग दुसऱ्यावर येतो. बिजागरीच्या आत रंग घालूच नका, तिथे तो टिकत नाही आणि घासून निघालेली भुकटी अडकते.

आठ महिन्यांनंतर

सतरा यानं उत्तम. पोपडा निघालेली वाय-विंग पुन्हा करावी लागली. चिकट राहिलेले दोन टाय अजून चिकट आहेत. त्यांच्यावर फोमच्या खोक्याची जाळीदार नक्षी उमटली आहे. चकाकणाऱ्या दोन यानांना मॅटच्या आधी ग्लॉसचे दोन हात दिले, आता ती बरी आहेत. तोफांची टोकं मात्र सगळ्याच एक्स-विंगची अधूनमधून उघडी पडतात. वरचा शेवटचा करडा रंग पाच थेंब एका रिकाम्या ड्रॉपर बाटलीत जपून ठेवला आहे, टूथपिकने टेकवायला तेवढा पुरतो. फोमच्या खोक्यात यान ठेवताना मध्ये बटर पेपरची पट्टी घालावी, निदान पहिला महिनाभर.