ब्रुबेक क्वार्टेट, कार्नेगी हॉल 1963: सहा महिन्यांनंतर, 'टक'सकट

पहिल्या दोन बाजू ऐकून खूश होतो. तिसरी बाजू संपली आणि विक्रेत्याला फोन लावला.

डेव्ह ब्रुबेक क्वार्टेट या चौघांच्या जॅझ संचाचा हा फेब्रुवारी 1963चा कार्यक्रम, दोन एलपी तबकड्या, जुना छाप. 'ओरखडा नाही' या शब्दावर साडेचार हजार मोजले होते. आणि 'कॅस्टिलियन ड्रम्स'मध्ये, ड्रमवाला जो मोरेलो काठ्या ठेवून हातांनी वाजवायला लागतो नेमक्या त्या हळू जागी, टक. जरा थांबून पुन्हा टक.

"काका, ड्रम सोलो आहे तो. टक वाजणारच की," विक्रेता म्हणाला.

हिशेब सरळ आहे. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद. ओरखडा असेल तर आवाज दर फेऱ्याला येणार. मोबाइलवर वेळ लावली: दहा फेरे, अठरा सेकंद, टक जागच्या जागी. मोरेलो लयीला कितीही पक्का असो, घड्याळाला बांधून सोलो कोणी वाजवत नाही. व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, परत पाठवा, कुरिअर तुमच्या खर्चाने. चडफडत ठेवून घेतली.

एरवी लांब ड्रम सोलो आला की मी चहा टाकायला उठतो. हा तुकडा तर चौदा मिनिटांच्या घरात. पण ओरखडा नक्की कुठे संपतो ते पकडायला बसू लागलो, आणि तो संपल्यावरही उठायचं राहून जाऊ लागलं. नुसत्या बोटांनी, तळव्याने केवढे आवाज काढतो हा माणूस! बाकीचे तिघे गप्प. घाई नाही, टाळ्यांसाठी दणदणाट नाही; तो नंतर येतो, सावकाश चढत. आणि त्या रात्री मोरेलोला फ्लू झालेला होता. शिवाय न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रांचा संप, कार्यक्रमाची बातमी कुठून पोचणार, लोक येणार की नाही याचीच धास्ती. हॉल भरला.

पियानोवर ब्रुबेकचा हात मला जड वाटायचा. 'सेंट लुईस ब्लूज'मध्ये दोन्ही हातांनी सुरांच्या थप्प्या रचत सुटतो, तेव्हा पॉल डेझमंडचा तो हलका सॅक्सोफोन कधी परत येतो याची मी वाट बघायचो. आता तेवढा राग येत नाही. त्या थप्प्या ठेक्याला आडव्या पडत जातात आणि खाली युजीन राइटचा बास मुळीच हलत नाही, हे उशिरा ध्यानात आलं. तरी दोन मिनिटं कमी चाललं असतं.

आपल्याकडच्या कानांना इथे फार परकं वाटत नाही. 1958च्या दौऱ्यात ब्रुबेक मुंबईत अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर वाजवून गेला होता. त्याच दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकलेला नऊचा ठेका 'ब्लू रोंदो'मध्ये आहे: दोन-दोन-दोन-तीन. हाताने टाळी धरून बघा, मजा येते. शेवटचा 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचा, तीन-दोन. झपतालाच्या दोन-तीनची सवय असेल तर पहिल्यांदा उलटं पडल्यासारखं होतं. 1959च्या स्टुडिओतल्यापेक्षा इथली लय चढी आहे. मला स्टुडिओतलाच आवडतो, त्यात जरा श्वास आहे.

नव्याने घेणाऱ्याने सरळ सीडी घ्यावी. स्वस्त पडते, दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागत नाही. जुना छापच हवा असेल तर पैसे देण्याआधी तिसऱ्या बाजूचा शेवट फोनवर वाजवून दाखवायला सांगा, हातांनी वाजवलेला भाग. आणि परत पाठवायचं कुरिअर कोणाच्या खर्चाने, ते लिहून घ्या.