सव्वादोन लाखांची 'नाचरी' घोडी

पाच वर्षांची, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं), वरातीला तयार आणि वर नाचरी. एवढं सगळं एका जनावरात म्हटल्यावर सव्वादोन लाख मला जास्त वाटले नाहीत. फोनवरून २५,००० विसार पाठवला, यात्रेत २,००,००० रोख मोजले. दलालाला ५,०००, गाडीभाडं १४,०००. पुढे डॉक्टर आणि एक्स-रे ११,८००, खास नाल ६,५००. बेरीज २,६२,३००. त्यातला एक रुपया परत आलेला नाही. यात्रेचं नाव लिहीत नाही, कारण हीच टोळी सगळ्या यात्रा फिरते.

तऱ्हा जुनीच. सकाळी दुखणं दाबायचं इंजेक्शन, खुरांना काळं पॉलिश, दातांवर कानस. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, आमच्याकडे वडिलांपासून घोडी आहेत.

आम्ही पोचलो तेव्हा घोडी ओल्या वाळूत उभी होती. खोगीर आधीच कसलेलं, मानेवर घाम. पुढचा डावा पाय उचलायची, टेकवायची, मग उजवा, मग पुन्हा डावा. मान खाली. विकणारा म्हणाला, "ढोल ऐकला की राहवत नाही तिला." शेजारी खरंच ढोल वाजत होता. मग ढोल थांबला. हिचे पाय थांबले नाहीत. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय! नाचरी घोडी ठेक्यावर पाय टाकते, मान वर धरते. ही बिचारी भार या खुरावरून त्या खुरावर टाकत होती, कारण दोन्ही ठणकत होते. आणि मी तिथे उभा राहून हसत होतो.

डांबरावर दुडकी चालवून दाखव म्हटलं, तर "नाल कालच ठोकलेत, घसरेल." लोक आता म्हणतात, तेव्हाच उठायचं होतं. म्हणायला काय जातं? लग्नसराई तोंडावर, विसार अडकलेला, पाठीमागे नोटा मोजत उभं असलेलं दुसरं गिऱ्हाईक (तेही त्यांचंच, हे आता कळतंय). सोबतचे जाणकार अंगावरच्या केसांचे भोवरे मोजण्यात गुंग, शुभ-अशुभ त्यावरून ठरवतात. देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा भोवरा, कुठे आहे ते सगळ्यांनी बघितलं, खूर उचलून एकानेही बघितला नाही.

घरी आल्यावर औषधाचा अंमल उतरला आणि घोडी जागची हलेना. पुढचे पाय पुढे ताणलेले, सगळा भार मागे. खुराला हात लावला तर गरम, आणि घोट्याच्या मागे नाडी धाडधाड उडत होती. नालबंदाने कानस फिरवली तेव्हा पॉलिशखालून कड्या निघाल्या, टाचेकडे रुंदावत गेलेल्या, वरून घासून सपाट केलेल्या. एक्स-रेत खुराच्या आतलं हाड फिरलेलं. लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराची सूज, तीही जुनी.

वयाचीही तीच गत. खालच्या मधल्या दातांवरचे खळगे साधारण सहाव्या वर्षी झिजतात, कडेच्या दातांचे आठव्याच्या आसपास. हे लोक नवे खळगे कोरून काळे करतात, पण त्यांच्याभोवती इनॅमलची कड नसते. वरच्या कोपऱ्यातल्या दातावरची उभी रेघ बघा. दहाच्या सुमारास ती हिरडीपाशी उमटते, पंधराच्या सुमारास अर्ध्यावर येते. आमच्या पाच वर्षांच्या घोडीची अर्ध्यावर आहे.

मग सुरू झाले सरकारी उंबरठे. पोलीस म्हणाले, "जनावर बघूनच घेतलंत ना? ही दिवाणी बाब." भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मोबाईलवर दाखवलं, तर "तो खिशात ठेवा." यात्रेकडच्या ठाण्याने इकडे पाठवलं, इकडच्यांनी तिकडे. बाजार समितीकडे पावती नेली. तिच्यावर रक्कम ६०,०००, कारण फी वाचवायला दलालाने कमी लिहायला लावली. सगळेच तसं लिहितात! आता तिथला बाबू म्हणतो, तुमचं नुकसान साठ हजारांचं. पावतीवर ना वय, ना खुणा, नुसतं 'घोडी, तांबडी'. सरकारी दवाखान्यात ऐकवलं, आमच्याकडे गाई-म्हशी येतात. खूर महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे त्या कड्या माझ्या दारात आल्यावर पडलेल्या नाहीत. एवढं एक वाक्य लेखी हवं होतं, तेही कोणी देईना. यात्रेत फी गोळा करताना मात्र कोणाची हद्द आडवी येत नाही.

सारंगखेडा किंवा माळेगावच्या घोडेबाजाराला निघाला असाल तर डॉक्टर स्वतःचा न्या, त्यांनी सुचवलेला नको. सौदा ठरताच रक्त काढून जपून ठेवायला सांगा, औषध टोचलं असेल तर त्यात सापडतं. विकणारा कां-कूं करू लागला की उठा, विसार गेला तर गेला. न कळवता पहाटे जा, जनावर थंड असताना बघा, कडक जमिनीवर पळवा. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग नसल्याच्या दाखल्यातल्या खुणा जनावराशी ताडून घ्या, तो रोग माणसालाही होतो. मला दिलेल्या झेरॉक्सवर एकच पांढरा पाय लिहिला होता. पंचकल्याणीला चारही पांढरे असतात, हे पोरालाही माहीत! आणि पावती पूर्ण रकमेची घ्या, फी गेली खड्ड्यात.

विकणाऱ्याचा फोन बंद आहे. दलालाचा लागला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मग पुढच्या यात्रेत आणा की तिला, गिऱ्हाईक मी लावतो. दलाली तेवढी पाच हजार."